कोण धरून बसलंय

रात्रीचे सव्वादोन. तार्तूत उणे एकोणीस.
जिन्याच्या खिडकीतून दिसते ती एमायोगी नदी,
गोठलेली, वर कुणाच्या तरी स्कीचे दोन चरे.
खाली तळघरात पंख्यांची घरघर आणि मी.
जुनी डिस्क सहाच्या आत काढायची आहे
आणि मशीन म्हणतंय : नाही. वापरात आहे.

कुणाच्या, ते आपण होऊन सांगत नाही.
विचारावं लागतं, तेही अधिकाराने.
साध्या माणसाला फक्त त्याच्याच प्रोसेस दिसतात,
बाकीच्यांच्या दारांवर पडदे.
म्हणून मी रूट होते.
या शब्दाचं अजून हसू येतं मला :
मूळ. सगळ्यांच्या घरांखालून पसरलेलं,
जेवायला कुणी न बोलावलेलं.

एल, एस, ओ, एफ. पुढे डिस्कचा पत्ता.
थोडा वेळ काहीच नाही.
मग ओळी उतरतात, नावं आणि आकडे.

हेल्दुर : दलदलीच्या पाण्याची पातळी, सप्टेंबरपासून उघडी.
वाचत नाही, लिहीत नाही,
उशाशी पालथं टाकलेलं पुस्तक जसं.
लेएलो : प्रबंधाचं तिसरं प्रकरण, अर्धवट वाक्यावर कर्सर.
कारेल : एक फाइल, नावापुढे शेरा, ‘खोडलेली’.
एकेचाळीस गिगाबाइट.
नाव पुसलंय, यादीत कुठे सापडायची नाही,
पण एका प्रोसेसने मुठीत धरलीय
आणि तोवर तिची जागा तिचीच.

दुसरी एक कमांड आहे. तिला एक अक्षर जोडलं
की विचारणं आणि मारणं एकदमच होतं.
सगळे एका फटक्यात. सहा कशाला, अडीचलाच घरी.
बोट त्या अक्षरावर गेलं होतं, खोटं कशाला बोलू.

पण आमच्या देशात रात्री
यादी घेऊन आलेल्यांची आठवण अजून शिळी नाही.
माझी आत्या साल्मे ऐंशीची होईपर्यंत
दारावरच्या पाटीवर नाव लावू देत नव्हती.
आणि मी इथे, या वेळी, यादी वाचतेय.
(प्रोसेस म्हणजे माणूस नव्हे, कळतं मला.
तरी.)

फोन केले.
हेल्दुर जागाच होता, म्हातारपणाची झोप.
‘अगं, ते मिटायचंच राहिलं,’ म्हणाला,
आणि दहा मिनिटं दलदलीबद्दल बोलला.
लेएलोच्या मागे बाळ रडत होतं.
‘वाक्य पुरं करू दे, थांब.’
थांबले. दोनदा चूक दुरुस्त केली तिने, मला ते दिसत होतं.
कारेल हिउमा बेटावर, वाऱ्यामुळे फेरी बंद.
त्याचा एका शब्दाचा निरोप आला : सोड.
मूठ उघडली. एकेचाळीस गिगाबाइट
एवढाही आवाज न करता नाहीसे झाले.

चार वाजले. पुन्हा हुकूम दिला.
वापरात आहे.

आता कोण?
पुन्हा यादी. एकच ओळ.
एक शेल. फाइल कुठलीच उघडी नाही,
नुसतं त्या डिस्कवरच्या एका फोल्डरमध्ये उभं,
दोन तासांपासून.
मालकाचं नाव वाचलं. माझं.

अख्ख्या गावाला वळसा घालून झाला होता.
येताना पाहायला म्हणून आत शिरले होते,
पाय तिथेच राहिला.
ते एक अक्षर दाबलं असतं
तर त्या तिघांबरोबर
मीही गेले असते,
हातातल्या हुकुमासकट.

हसले. तळघरात आपलं हसू फार मोठं वाटतं.
डब्यातली काळी भाकरी काढली, अर्धी खाल्ली.
मग दोन अक्षरं टाइप केली, बाहेर आले,
आणि डिस्कला म्हटलं, नीघ.

मशीन काही बोललं नाही.
काम झालं की ते कधीच बोलत नाही.
वहीत लिहिलं : ४.२०, काढली.
अडवणारे चार.
चौथ्याचं नाव लिहावं की नाही, यावर जरा अडले,
मग लिहिलं, आत्याच्या आडनावासकट.